सामन्याआधीची बातमीही छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर, बहुधा तळाच्या कोपऱ्यात, आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल, कबड्डी किंवा आंतरशालेय क्रिकेट अशा मथळ्याखाली चार-पाच ओळींचा मजकूर येतो. कोण जिंकले, किती फरकाने जिंकले आणि विजयी संघाकडून कोण चमकले, एवढे त्यात सांगितलेले असते. हा मजकूर मी गेली कित्येक वर्षे न चुकता वाचतो आणि तो छापल्याबद्दल आपला ऋणीही आहे, कारण अनेक ठिकाणी एवढेही छापून येत नाही. पण मी तो वाचतो तेव्हा सामना संपलेला असतो. तो कोणत्या मैदानावर होणार होता, किती वाजता सुरू होणार होता, दोन्ही संघांची मागची गाठ कधी पडली होती आणि या वेळी कोणाचे पारडे जड मानले जात होते, यातले काहीही मला आदल्या दिवशी कोणी सांगितलेले नसते. शालेय आणि महाविद्यालयीन सामन्यांची बातमी निकालानंतर जशी छापली जाते, तशीच ती सामन्याआधीही छापली जावी, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. विनंती लहान आहे, पण ती कोणत्या अनुभवातून आली हे थोडे विस्ताराने सांगण्याची परवानगी द्यावी.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये मी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या राजधानीत, कोलंबस येथे, भाचीकडे राहायला गेलो होतो. कोलंबस हे ओहायो स्टेट विद्यापीठाचे गाव, आणि त्या महिन्याच्या अखेरीस, ३० तारखेला, शनिवारी दुपारी, त्यांच्या विद्यापीठाचा सामना शेजारच्या राज्यातील मिशिगन विद्यापीठाशी होता. तिथले फुटबॉल म्हणजे आपले फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, तो फेकायचा, चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे, आणि समोरच्या अकरा जणांनी ते रोखायचे, असा तो खेळ आहे. त्याचे नियम मला भाचीच्या शाळकरी मुलाने दोन संध्याकाळी समजावून दिले. माझ्या मनात खरे भरले ते सामन्याआधीचे आठ दिवस. मिशिगन या नावाचे आद्याक्षर विद्यापीठाच्या आवारात जिथे जिथे दिसेल, मग ती इमारतीवरची पाटी असो की वाटा दाखवणारा फलक, तिथे तिथे त्यावर लाल पट्ट्यांची फुली मारलेली होती. हा त्यांचा दर वर्षीचा रिवाज आहे. केस कापायला गेलो तर तिथे सामना, भाजी घ्यायला गेलो तर तिथे सामना, आणि गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला शेजारी जमले तेव्हा ताटे वाढायच्या आधीच वाद सुरू झालेला होता.

या वादांत मला जे ऐकायला मिळाले ते निव्वळ घोषणाबाजीचे नव्हते. दोन्ही विद्यापीठांची पहिली गाठ १८९७ साली पडली आणि मिशिगनने ती ३४-० अशी जिंकली, हे तिथल्या सामान्य माणसाला तोंडपाठ होते. १९२२ साली ओहायो स्टेटने घोड्याच्या नालेच्या आकाराचे आपले भव्य स्टेडियम बांधले आणि त्याच्या अर्पण सोहळ्याच्या सामन्यातच मिशिगनने त्यांना १९-० असे हरवले, हेही ते शंभर वर्षांनंतर सांगतात आणि सांगताना आजही हळहळतात. १९५०च्या नोव्हेंबरमध्ये बर्फाच्या वादळात खेळला गेलेला सामना तर प्रत्येकाच्या आजोबांनी प्रत्यक्ष पाहिलेला असावा, असे वाटायला लागते. त्या सामन्यात मिशिगनला एकदाही नियमित प्रयत्नांतून दहा यार्ड पुढे जाता आले नाही आणि तरीही ते ९-३ असे जिंकले. १९३४ पासून मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला सोन्याची एक इवलीशी पँट पदकासारखी दिली जाते, कारण त्या काळच्या त्यांच्या प्रशिक्षकाने मिशिगनचे खेळाडूही आपल्यासारखीच एकेक पाय घालून पँट चढवतात, असे सांगून आपल्या मुलांना धीर दिला होता. एका शेजाऱ्याने तर हे वैर खेळाच्याही आधीचे असल्याचे सांगितले. १८३५ च्या सुमारास टोलेडो या गावावरून ओहायो आणि मिशिगन यांच्यात सीमेचा तंटा पेटला होता आणि दोन्हीकडून सशस्त्र तुकड्या सीमेवर गेल्या होत्या. सीमावाद काय असतो हे महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

पण ही झाली पूर्वपीठिका. त्या आठवड्यातली खरी चर्चा येणाऱ्या सामन्याची होती, आणि तिच्यातला बारकावा पाहून मी थक्क झालो. वर्तमानपत्रांचा कौल जवळजवळ एकमुखी होता. ओहायो स्टेटचा संघ देशात दुसऱ्या क्रमांकावर होता आणि त्याने अकरांपैकी एकच सामना गमावला होता. मिशिगनचा संघ आदल्या वर्षी राष्ट्रीय विजेता असला तरी त्यांचे प्रशिक्षक जिम हार्बो संघ सोडून गेले होते, नवे प्रशिक्षक शेरोन मूर यांचे ते पहिलेच पूर्ण वर्ष होते, आणि अकरांपैकी पाच सामने ते हरले होते. २०२१, २०२२ आणि २०२३ असे सलग तीन सामने मिशिगनने जिंकल्यामुळे ओहायो स्टेटच्या चौथ्या वर्षातल्या मुलांनी मिशिगनला कधीच हरवले नव्हते आणि घरच्या मैदानावरची ही त्यांची शेवटची संधी होती, त्यामुळे ती मुले जिवाच्या आकांताने खेळतील, असा सर्वांचा होरा होता. मिशिगनचा विल जॉन्सन हा नावाजलेला बचावपटू जखमी होता. एवढे सगळे एका पारड्यात असल्यावर सामना एकतर्फी होणार, यात शंका घ्यायला जागा उरत नव्हती.

शंका घेतली ती एका वयस्कर गृहस्थांनी. भाचीच्या घरासमोर राहणारे हे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत आणि गेली अनेक वर्षे विद्यापीठाचे सामने पाहत आले आहेत. जेवणानंतर त्यांनी टेबलावरचे मिठाचे आणि मिरपुडीचे डबे मांडून मला दाखवले की, चेंडू पायांमधून मागे देऊन खेळ सुरू करणारा जो मधला गडी, ज्याला ते सेंटर म्हणतात, तो ओहायो स्टेटचा खेळाडू त्याच महिन्यात टाचेच्या शिरेला दुखापत होऊन बाहेर गेला आहे. त्याआधी ऑक्टोबरमध्ये डाव्या बाजूचा भक्कम गडीही गमावला होता. मिशिगनच्या बचावाच्या मधोमध मात्र मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट असे दोन अवाढव्य ताकदीचे खेळाडू उभे असतात. आपली फळी नेमकी जिथे खिळखिळी आहे तिथेच त्यांची सर्वांत भक्कम आहे, तेव्हा आपण मधून धडका मारण्याचा हट्ट धरला तर अडकून पडू, आणि या दोन संघांच्या सामन्यात बहुतेक वेळा जो पळून जास्त यार्ड मिळवतो तोच जिंकतो, असे त्यांचे म्हणणे होते. टेबलाभोवतीच्या तरुणांनी ते हसण्यावारी नेले. मला मात्र तो खेळ त्या डब्यांच्या मांडणीमुळे प्रथमच उलगडला, कारण कबड्डीत मधली साखळी तुटली की काय होते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

शनिवारी आम्ही सामना घरीच दूरचित्रवाणीवर पाहिला, कारण तिकिटांचे भाव आमच्या आवाक्याबाहेर होते. कडाक्याची थंडी असूनही स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणसे होती. मी एरवी कोणाच्याच बाजूचा नव्हतो, पण पहिल्या काही मिनिटांतच माझे डोळे त्या मधल्या जागेवर खिळले, कारण तिथे पाहायचे हे मला आधी सांगितले गेले होते. ओहायो स्टेटने मधूनच घुसण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला आणि पुन्हा पुन्हा त्यांची वाट बंद झाली. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, चेंडू फेकून जेमतेम ६२ यार्ड मिळवू शकला, त्याचे दोन चेंडू तर प्रतिस्पर्ध्यांनी हवेतच झेलले, पण कॅलेल मलिंग्ज या त्यांच्या खेळाडूने चेंडू घेऊन पळत ११६ यार्ड काढले. ओहायो स्टेटचे लाथेने गुण मिळवण्याचे दोन प्रयत्न हुकले. अखेर ४५ सेकंद उरलेले असताना मिशिगनने तसाच एक प्रयत्न साधून ३ गुण मिळवले आणि सामना १३-१० असा जिंकला. आमच्या दिवाणखान्यात बराच वेळ कोणी बोलले नाही. समोरचे गृहस्थ संध्याकाळी येऊन गेले, पण आपले भाकीत खरे ठरल्याचा उच्चार त्यांनी केला नाही. त्यांचे डोळे भरून आलेले होते.

तोच ओहायो स्टेट संघ पुढे जानेवारी २०२५ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेता झाला. तरीही आपल्याला नोव्हेंबरचाच सामना आधी आठवतो, असे माझी भाची फोनवर सांगते.

या चित्राची दुसरी बाजूही मी पाहिली आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मध्यभागी आपला झेंडा रोवण्याचा प्रयत्न केला, त्यावरून दोन्ही संघांत हाणामारी झाली आणि पोलिसांना तिखटाचा फवारा वापरावा लागला. दोन्ही विद्यापीठे ज्या संघटनेची सदस्य आहेत त्या बिग टेनने दोघांनाही प्रत्येकी १ लाख डॉलर दंड केला. शिवाय तिथे विद्यापीठाच्या खेळात जो पैसा ओतला जातो, प्रशिक्षकांना जे वेतन मिळते आणि २०२१ पासून खेळाडूंनाही आपल्या नावावर जाहिरातींचा पैसा घेता येऊ लागल्यावर जी ओढाताण सुरू झाली आहे, ती आपल्याकडे यावी असे मला मुळीच वाटत नाही. मला तिथून आणावीशी वाटते ती फक्त आदल्या दिवसाची चर्चा, आणि ती आणायला पैसा लागत नाही.

खरे तर ती आणण्याचीही गरज नाही, कारण ती आपल्याकडे होती. मी १९७४ ते १९७८ या काळात माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात शिकलो. रुईयाची स्थापना १९३७ची आणि शेजारच्या पोदारची १९४१ची, दोघांच्या मध्ये जेमतेम एक रस्ता, आणि खेळायला दोघांनाही जवळ असलेले दडकर मैदान. आमच्या रुईयाला संदीप पाटील होते आणि पोदारला दिलीप वेंगसरकर, त्यामुळे दोन महाविद्यालयांची क्रिकेटमध्ये गाठ पडणार असली की आदल्या संध्याकाळी रुईया नाक्यावर उभे राहायला जागा मिळत नसे. कोणाचा बोट दुखावलेला यष्टिरक्षक खेळणार आहे, सकाळच्या दवात कोणाला गोलंदाजी द्यावी, कोणता फलंदाज ऑफ स्पिनसमोर पाय हलवत नाही, याची तिथे इतकी बारीक छाननी होई की, दुसऱ्या दिवशी वर्ग बुडवून मैदानावर न जाणे अशक्य होऊन बसे. मी स्वतः महाविद्यालयाच्या संघाच्या जवळपासही पोहोचलो नाही. पण क्रिकेट कसे पाहावे हे मी त्या नाक्यावर शिकलो.

फुटबॉलचेही तेच. माझे वडील गिरणीतली पाळी संपवून कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जात. रोव्हर्स चषक ही १८९१ साली सुरू झालेली आपल्या शहराची स्पर्धा, आणि तिच्यात हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा विजय मिळवला तेव्हा, वडिलांच्या सांगण्यानुसार, यंदा त्यांना कोण अडवणार हा गिरणीच्या दारातला आठवडाभराचा विषय असे. ती स्पर्धा या शतकाच्या सुरुवातीला बंद पडली.

नाका आता पूर्वीसारखा भरत नाही, मुलांचे वेळापत्रक बदलले आहे, आणि गिरण्यांच्या दारांविषयी तर बोलायलाच नको. म्हणूनच हे काम वर्तमानपत्राने करावे असे मला वाटते. मराठी दैनिकात खेळाला हक्काचे पान मिळवून देणारे वि. वि. करमरकर यांनी कबड्डी आणि खो-खोच्या मैदानांनाही त्या पानावर मानाची जागा दिली, आणि माझ्या पिढीला खेळाविषयी मराठीत बोलायची सवय लागली ती बरीचशी त्यांच्यामुळे. ती परंपरा आपल्या हाती आहे. आयपीएलच्या सामन्याआधी आपण अर्धे पान देता, खेळपट्टी, नाणेफेक, दुखापती, मागच्या लढतींचा हिशेब, सगळे देता. त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढी जागा, आठवड्यातून एकदा, शहरातल्या मुलामुलींच्या सामन्यांना मिळाली तरी पुरे आहे.

गेल्या हिवाळ्यातला माझा अनुभव सांगतो. एका आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना दक्षिण मुंबईतील एका मैदानावर असल्याचे मला ओळखीच्या मुलाकडून कळले. मी नातवाला घेऊन माटुंग्याहून गाडीने गेलो, तर मैदानावर कोणीच नव्हते. सामना आदल्या दिवशी दुसरीकडे हलवला गेला होता आणि ते संघांखेरीज कोणाला कळवण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती. आम्ही चौकशी करत नव्या जागी पोहोचलो तोवर दुसरे सत्रही संपत आले होते. अतिशय चुरशीचा सामना होता तो. बघणारे आम्ही धरून तीस-पस्तीस जण असू, त्यातले निम्मे राखीव खेळाडू. एका मुलाने तीस यार्डांवरून मारलेला चेंडू आडव्या खांबाला लागून परत आला, आणि त्यावर उसासा टाकायलासुद्धा पुरेशी माणसे तिथे नव्हती. नातवाने मला विचारले की हा एवढा चांगला खेळतो तर त्याला बघायला कोणी का आले नाही. मी त्याला सांगितले की, कोणाला ठाऊकच नव्हते.

मला याहून मोठी हुकलेली संधीही ठाऊक आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध आझाद मैदानावर ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्या वेळी मी फोर्टमध्ये नोकरीला होतो. आझाद मैदान माझ्या कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर होते आणि दुपारच्या सुट्टीत मी त्याच्या कडेने कितीतरी वेळा गेलो असेन. कांबळीच्या नाबाद ३४९ आणि तेंडुलकरच्या नाबाद ३२६ धावा मी वर्तमानपत्रात वाचल्या. शारदाश्रमचे दोन शाळकरी फलंदाज पाहण्यासारखे आहेत आणि त्यांचा उपांत्य सामना उद्या अमुक मैदानावर आहे, एवढे एक वाक्य आदल्या दिवशी माझ्या वाचनात आले असते, तर मी निदान डबा घेऊन तिथे बसलो असतो.

असा मजकूर लिहायला मोठा खर्च करावा लागेल असे मला वाटत नाही. शहरातल्या अनेक महाविद्यालयांत जनसंचाराचे अभ्यासक्रम चालतात, त्यांतली मराठीत लिहिणारी मुले अशा संधीची वाट पाहत असतील. लिहिताना मात्र दोन्ही प्रशिक्षकांशी बोलूनच लिहावे, केवळ संघांची नावे आणि वेळ देऊन थांबू नये. गेल्या वर्षी कोण जिंकले होते आणि कसे, या वेळी कोण जायबंदी आहे, कोणाचा डावा कोपरारक्षक नवा आहे, कोणाच्या बचावफळीची उंची कमी असल्यामुळे कॉर्नरवर त्यांना धोका आहे, कोणती मुलगी पालघरहून पहाटेची लोकल पकडून सरावाला येते, हे कळले की वाचकाला कोणीतरी ओळखीचे खेळत असल्यासारखे वाटते आणि पाय आपोआप मैदानाकडे वळतात. भाकीत चुकले तरी चालेल. कोलंबसमध्ये तर जवळजवळ सगळ्यांचेच चुकले होते. मुलींच्या सामन्यांना यात बरोबरीची जागा मिळावी, हे मुद्दाम नमूद करतो. आणि प्रतिस्पर्ध्याला हिणवणारी भाषा कटाक्षाने टाळावी, कारण ही अठरा-एकोणीस वर्षांची मुले आहेत आणि त्यांचे आईवडीलही हे पान वाचणार आहेत.

आयोजकांकडून वेळापत्रक वेळेवर मिळत नाही, अशी अडचण आपले वार्ताहर सांगतील आणि ती खरी आहे, हे मी वर लिहिलेल्या प्रसंगावरूनच जाणतो. परंतु दर आठवड्याला ते छापले जाणार आहे, हे एकदा ठाऊक झाले की आयोजकही ते वेळेवर देऊ लागतील आणि मैदान ऐनवेळी बदलताना दोनदा विचार करतील. मी निवृत्त आहे, हातात वेळ आहे आणि दादर, माटुंगा, वडाळा या भागातल्या महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांत माझे अधूनमधून जाणे-येणे असते. येत्या मोसमासाठी या भागातल्या सामन्यांच्या तारखा, वेळा आणि मैदाने दर बुधवारी गोळा करून आपल्या कार्यालयात स्वतः आणून द्यायला मी तयार आहे. आपण होकार कळवलात तर पहिली यादी पुढच्याच बुधवारी पोहोचती करीन.

आपला नम्र,
एक वाचक, माटुंगा, मुंबई